फोटोत बसंल ती लसूण सोलंल

“समोर बसा, मगच कुटते,” असे म्हणत मावशी लोखंडी खुर्ची गिऱ्हाइकाकडे पायानेच सरकवत. सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा डंका होता, म्हणजे मिरची-मसाला कुटायचे यंत्र. होळी झाली की वर्षाची चटणी करून घ्यायला तिथे रांग लागे. आपल्या मालावर गिऱ्हाइकाने स्वतः नजर ठेवलीच पाहिजे, हा मावशींचा नियम. विश्वास आहे म्हणून कुणी पिशवी टाकून निघाले, तर त्या ती परत हातात देत. “विश्वास देवळात ठेवा. हितं डोळं ठेवा.”

मी कुपवाडच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. घरून मिरची, धणे, खोबरे तोलून नेणारा आणि आलेली चटणी पुन्हा तोलणारा गल्लीत मी एकटाच. एकदा वजन जरा कमी भरले, तसे मी जाऊन सांगितले. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “कमी न्हाई सायेब, तुमच्या सदऱ्यावर हाय. झटकून घ्या.” मी खरोखरच झटकला. ते बघणाऱ्या बायका अजून मला रस्त्यात दिसल्या की पदराआड हसतात.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. खरी असतात, पण मऊ नसतात. मावशी भांडकुदळ होत्या आणि चहाच्या बाबतीत कंजूष होत्या. त्यांच्याकडे सुरेखा आणि आणखी एक बाई कामाला होत्या. पाऊस सुरू झाला की डंका थंड पडे, आणि पुढच्या होळीपर्यंत त्या दोघी मिळेल ते काम शोधत फिरत.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कंपनीने दिवाळीला कामगारांना मिठाईऐवजी कांदा-लसूण चटणीचे डबे द्यायचे ठरवले. मी मावशींचे नाव सुचवले. दिवाळीपर्यंत तिघींच्या हाताला पुरेल एवढे काम होते. फक्त एक अट होती. सामाजिक जबाबदारीचे काम बघणाऱ्या मॅडमना फोटो हवा होता, आणि फोटोत वीस तरी महिला हव्या होत्या. ‘महिला सक्षमीकरण’ लिहायचे म्हणजे तिघी कमी दिसतात, असे त्यांचे म्हणणे. खर्च कर्मचारी कल्याणाच्या खात्यात आणि फोटो सामाजिक जबाबदारीच्या, अशी ही मांडणी माझीच. दोन डगरींवर पाय ठेवूनही न पडणे याला आमच्या धंद्यात अनुभव म्हणतात.

निरोप घेऊन मीच गेलो.

“वीस?” मावशी म्हणाल्या. “आमी तिघीच हाय. बाकीच्या कुठनं आणू? मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळत्यात का?”

“गल्लीतल्या बायका उभ्या करू. पाच मिनिटांचे काम.”

“म्हंजे खोटं.”

“मावशी, फोटोचे ऑडिट होत नाही,” मी म्हणालो. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त परत दिले तर उन्हातून माघारी जाणारा मी, हे वाक्य अगदी सहज बोलून गेलो.

“मग न्हाई. काम ऱ्हाऊ दे.”

तेव्हा सुरेखा मिरच्यांची देठे खुडत होती. तिने सूप खाली आपटले. “आवं मावशी, ते तुमचं खरं जरा पावसाळ्यात आमच्या चुलीवर ठेवून बघा. शिजतंय का बघा.”

मावशींना कुणी उलटून बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी ते सूप उचलून पुन्हा सुरेखापुढे ठेवले. मग म्हणाल्या, “बरं. बोलवा बायका. पण फोटोत बसंल ती लसूण सोलंल. दिवसभर. आन् दिवसाचा रोज घेऊन जाईल, फुकट न्हाई.”

लसणाची ही अट मी गल्लीत कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर एकही आली नसती.

त्या सकाळी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. आमच्या सौभाग्यवतीही इरकली नेसून, गजरा माळून त्यात होत्या. अंगणात ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर लसणाचा ढीग. मावशींनी अट सांगितल्याबरोबर दोघी-तिघी उठल्या. सुरेखा फाटकात जाऊन उभी राहिली. “आलाय तर बसा की वहिनी. साडी धुता येती.”

मॅडम घड्याळ बघत होत्या. “मावशी, आधी फोटो घेऊ या का?”

“आदी काम.”

मी कंपनीचा फलक धरून एका कडेला उभा होतो. “सायेब,” मावशी म्हणाल्या, “फलक धरणारा बी फोटोत येतोय. बसा खाली.”

मी बसलो. माझ्या पाकळ्यांवर निम्मी साले तशीच राहत; सुरेखा त्या गुपचूप पुन्हा सोलत होती. दुपारपर्यंत बोटे अशी चुरचुरू लागली, की कॅल्क्युलेटर धरायचा विचारही नको वाटला. बायको मात्र शेजारणींशी गप्पा मारत सुपामागून सूप भरत होती. ‘तुम्ही सोलताय की मोजताय?’ असे तिने सगळ्यांदेखत विचारले.

उन्हे कलल्यावर एकदाचा फोटो निघाला. मावशींनी स्वतःच्या हाताने रोजंदारी वाटली. सुरेखाला त्या दिवाळीपर्यंत काम शोधत फिरावे लागले नाही, आणि गल्लीतल्या चौघी पुढेही लसूण सोलायला जात राहिल्या.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. काही दिवसांनी सुरेखा माझ्याकडे आली. “सायेब, डंक्यावर लावायला मावशीचा फोटो द्या की. आधार कार्डावरचा लावला तर त्याच उठून भांडायला येतील.”

मी मोठ्या आत्मविश्वासाने तो फोटो काढून दिला. तिने बोट फिरवत एकेक चेहरा पाहिला. मग मीही चष्मा लावून पाहिला. मावशी त्यात नव्हत्याच. मॅडमनी “मध्ये या” म्हणून हाक मारली होती, तेव्हा “निम्मा माल यंत्रात हाय, तुमचं चालू द्या,” असे त्या आतूनच ओरडल्या होत्या.

फोटोत फक्त बायका आहेत, आणि कडेला माझा अर्धा हात. मागे डंक्याच्या दारातून तांबूस धुरळा बाहेर येतो आहे. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, आणि मधोमध माझी बायको तोंड उघडून शिंकते आहे.