रिझर्व्हवरचे मामा

“जरा दम धर बेटा, बोदवड उनंच समज.”

मामा मलाही बेटाच म्हणायचे, म्हणून मागच्या सीटवर मी सावरून बसले. मग लक्षात आलं की ते माझ्याशी नाही, पेट्रोलच्या काट्याशी बोलताहेत. काटा तळाला टेकला होता आणि शेजारचा नारिंगी दिवा लागून बराच वेळ झाला होता.

“भाऊ, तो दिवा कधीचा लागलाय,” पुढे बसलेली आई म्हणाली.

“तो दिवा घाबरट शे. त्याचं ऐकलं असतं तर मी धुळ्याच्या बाहेरच पडलो नसतो.”

बोदवड आलं. मावशीच्या अंगणात गाडी शिरली, एक उचकी दिली आणि बंद पडली. मामा अशा तोऱ्यात उतरले की जणू गाडी त्यांनीच ठरवून तिथे थांबवली असावी. मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, “आधी गावात पेट्रोल कुठे मिळतं ते सांग, पाणी नंतर.”

आमच्याकडे त्यांना सगळे रिझर्व्हमामा म्हणत. एरवी ते साधी मराठी बोलायचे, पण गाडीचा विषय निघाला की अहिराणीवर उतरायचे. “गाडीले काही व्हस नई,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. रोज काटा खाली ठेवून गाडी चालवली तर ती बिघडते का, असं कोणीही विचारो, उत्तर हेच. वर स्वतःचं एक शास्त्रही जोडायचे. भरलेल्या टाकीने गाडी सुस्तावते, गाडीचं पोट हलकं असलं की ती चपळ राहते. हे सांगताना स्वतःचं पोट स्टिअरिंगला टेकलेलं असायचं.

खरं कारण मला फार उशिरा कळलं. धुळ्याहून जळगावला येताना ते पारोळ्याला थांबत, एरंडोलला थांबत, मध्ये आणखी कुठे कुठे थांबत, आणि प्रत्येक ठिकाणी चमचाभर पेट्रोल घेत. पारोळ्याच्या पंपावरच्या माणसाच्या मुलीची दहावी, एरंडोलच्या पंपावरच्या आबांचा गुडघा, सगळ्याची चौकशी व्हायची. एकदा मागे गाड्यांची रांग लागली आणि कोणीतरी हॉर्न वाजवला. मामा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “भाऊ, एका माणसाचा गुडघा दुखी राह्यना अन् तुले घाई शे?” हॉर्न वाजवणारा खाली उतरला आणि त्यानेही गुडघ्यावर एक तेल सुचवलं. टाकी एकदम भरली असती तर या लोकांना भेटायला निमित्त कुठून आणायचं?

काटा खाली गेला की त्या गाडीत बोलायला बंदी असायची. गाणी बंद, एसी बंद. खिडक्याही बंद, कारण उघड्या खिडकीतून वारा शिरतो आणि गाडीला मागे ओढतो. मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर बंद गाडीत बसणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. मामा मान तिरकी करून इंजिन ऐकायचे आणि आम्ही घामाने निथळत श्वास रोखून बसायचो.

मला ती शांतता फार आवडायची. इतर नातेवाइकांकडे गेलं की मला मधोमध बसवायचे. “इंग्लिश मीडियमची ना तू? मग बोल की काहीतरी. का मराठी येत नाही?” मराठी मला येत होती. अहिराणी बोलता येत नसली तरी बठ्ठी, म्हणजे सगळी, कळायची. पण चारचौघांत माझं तोंडच उघडायचं नाही. मामांच्या गाडीत मात्र न बोलणं हे काम होतं, आणि ते माझ्याइतकं चांगलं कोणालाच जमत नव्हतं. एकदा कोणी चिडवलं तेव्हा मामा म्हणाले, “ती ऐकते. गाडीत एक तरी ऐकणारं माणूस लागतं.”

धुळ्याला त्यांचं बोअरच्या मोटरींचं दुकान होतं. सुट्टीत मी तिथे एका खोक्यावर बसून गिऱ्हाईकं बघायची. जळालेली मोटर घेऊन शेतकरी आला की मामांचा चेहरा डॉक्टरसारखा गंभीर व्हायचा.

“कोरडी चालवली ना, नाना?”

“थोडीशीच चालली असंल.”

“अहो, ती पाण्यात बुडालेली असते म्हणून गार राहते. पाणी खाली गेलं की तिनं काय करावं? खालचा गाळ ओढते, तापते अन् जळते. रोज असं केल्यावर कोणती मोटर टिकंल?”

नाना मान खाली घालून उभे. दुकानाबाहेर मामांची गाडी उभी, काटा तळाला. एका दुपारी माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या आणि मला एवढं हसू आलं की पाणी प्यायच्या निमित्ताने मी मागच्या खोलीत गेले. गाडीचा पेट्रोलपंपसुद्धा टाकीच्या आत बुडून बसलेला असतो. त्यालाही पेट्रोलच गार ठेवतं. कधीतरी काटा खाली गेला तर काही होत नाही, पण रोजच गेला तर हा पंपही तापतो आणि तळाचा कचरा गाळणीत जातो. मामांनी स्वतःच्या गाडीचा पंप पूर्वी बदलून घेतला होता आणि दोष पेट्रोलवाल्यांना दिला होता. खानदेशातल्या सगळ्या मोटरींना वाचवणारा माणूस, आणि स्वतःची मोटर मात्र रोज कोरडी चालवत होता.

तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती. घरच्या ग्रुपवर मी याच विषयावरचा एक इंग्रजी लेख टाकला. मामांनी त्यावर गुलाबाचं फूल पाठवलं आणि खाली लिहिलं, “छान. असंच वाचत राहा.”

माझं लग्न ठरलं तेव्हा मामांची एकच अट होती. पार्लरपासून कार्यालयापर्यंत नवरी त्यांच्या गाडीतून जाणार. भाचीला मांडवात न्यायचा मान मामाचा, आणि त्यांच्या मते तो मान पार्लरच्या दारातच सुरू होत होता. काकांनी सजवलेली मोठी गाडी सांगून ठेवली होती. ते चिडले. “रस्त्यात पेट्रोल संपलं तर मुहूर्त कोण थांबवणार? त्यापेक्षा चुलतमामांना उभं करू.” मामांचा चेहरा एवढासा झाला, पण अट त्यांनी सोडली नाही.

लग्नाच्या दिवशी ते नव्या सदऱ्यात, फेटा बांधून पार्लरच्या दारात आले. मी आणि माझी मैत्रीण सायली गाडीत बसलो. माझी नजर सवयीने काट्याकडे गेली. काटा पार वर होता. मी त्याला तिथे कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं की काटाच बिघडला.

“टाकी भरेल शे,” मामा पुढे बघत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “तुझं लगीन शे ना.”

त्या दिवशी खिडक्या उघड्या होत्या, एसी चालू होता, गाणी चालू होती. वारा गाडीला खुशाल मागे ओढत होता. आणि ऐन चौकात गाडीने उचकी दिली, दुसरी दिली आणि बंद पडली. मामांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. बदललेला पंपही इतकी वर्षं कोरडा तापला होता आणि नेमका त्या दिवशी, टाकी भरलेली असताना, निकामी झाला होता. मागे रावेरहून केळी घेऊन आलेला ट्रक हॉर्न वाजवू लागला.

मामा उतरले आणि त्यांनी टाकीच्या बाजूने पत्र्यावर थाप मारली. “भरेल शे बेटा. आज भरेल शे. कोणी मानणार नाही.”

त्यांचे डोळे भरून आले होते. गाडी चौकात सोडता येत नव्हती. त्यांनी एक रिक्षा थांबवली, मला शालूसकट आत कोंबलं, सायलीला माझ्या फुलांसकट कोंबलं आणि म्हणाले, “तू जा. मुहूर्त चुकायला नको. मी नसलो तरी चालंल.” मागे वळून पाहिलं तर ट्रकचा ड्रायव्हर आणि मामा मिळून गाडी कडेला ढकलत होते.

जळगावच्या मेहरूण तलावाजवळच्या कार्यालयात नवरदेवाचे मित्र तासभर नाचून नुकतेच आत आले होते. त्या उशिराबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मला मामांशिवाय रिक्षातून उतरताना पाहिलं आणि काकांनी मात्र लगेच घड्याळ बघितलं. गुरुजींनी घाई केली. काकांनी माइक हातात घेतला.

“मुलीचे मामा नेहमीप्रमाणे रिझर्व्हवर आहेत,” ते म्हणाले. सगळं कार्यालय हसलं. “तेव्हा चुलतमामांनी मुलीला घेऊन यावं.”

चुलतमामा बिचारे भले माणूस, घाम पुसत माझ्याकडे निघाले. तेवढ्यात सायलीचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि माझ्या कानात सांगितलं, “मामा त्याच ट्रकमध्ये बसलेत. निघालेत.”

नवरीने मान खाली घालून उभं राहायचं एवढंच काम होतं, आणि ते मला जन्मापासून येत होतं. पण मी चालत काकांपाशी गेले. त्यांनी गोंधळून माइक खाली केला, म्हणजे बरोबर माझ्या तोंडासमोर.

“टाकी भरलेली होती,” मी म्हणाले. आवाज एवढा मोठा आला की मीच दचकले. “गाडीचा पंप गेलाय. माझे मामा केळीच्या ट्रकमधून येताहेत आणि ते आल्याशिवाय मी मांडवात पाऊल ठेवणार नाही. तोवर ज्यांचं नाचायचं राहिलं असेल त्यांनी नाचून घ्या.”