रत्नागिरीहून आणलेली हार्डडिस्क आणि बेचाळिसावी फाइल

दोन दिवस झाले, सुधीर भावजी फोन उचलत नाहीत. मेसेजला निळी टिक येते, उत्तर नाही. ज्यांनी आपल्या दादाला, म्हणजे आमच्या ह्यांना, हातात मावणारा लिनक्सचा कॉम्प्युटर करून दिला, मला हा ब्लॉग काढून दिला, तेच आता मुंबईत तोंड मिटून बसलेत. म्हणून इथेच लिहिते. भावजी हा ब्लॉग वाचतात, मला माहीत आहे.

आमच्या ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. घरात काही नवं आलं, पंप असो, मिक्सर असो, म्हैस असो, की हे पुढ्यात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. देवाला त्या वस्तूचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, सांभाळ. प्रत्येक वाक्यामागे मी "व्हय म्हाराजा" म्हणायची. अशी एकेचाळीस गाऱ्हाणी त्या कॉम्प्युटरात रेकॉर्ड केलेली आहेत. त्याचं मेमरी कार्ड आता मरायला टेकलंय, दोन फाइली मधेच अडकतात. एक फाइल मागे भावजींना पाठवली होती, ती सोडली तर ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. तो गेला की गेला. म्हणून बुधवारी कॉम्प्युटर पिशवीत घालून हार्डडिस्क आणायला निघाले.

अलोऱ्याहून चिपळूण, तिथून रत्नागिरीची एसटी. सकाळी जाणार असाल तर डावीकडची खिडकी घेऊ नका, ऊन तोंडावर येतं. हायवेचं काम संपता संपत नाही, केसांत लाल माती घेऊनच उतराल. आरवलीला गाडी चहाला थांबली. तिथल्या बाकड्यावर माझी छत्री राहिली. रत्नागिरीत उतरल्यावर ध्यानात आलं. स्वतःचाच राग आला, कोणाला बोलले नाही.

दुकानदाराने पहिली डिस्क दिली ती मोठी, स्वस्तातली. माझ्या कॉम्प्युटरला लावली तर नुसती टिक टिक. दिवा लागतो, विझतो.

"काकी, हिच्या पोटात तबकडी फिरते. तुमचं मशीन चिमणीएवढं, एवढा करंट कुठनं देणार?"

"मग दिलीस कशाला?"

"तुम्ही स्वस्त मागितलीत."

"मी चालणारी मागितली."

मग त्याने एसएसडी काढली. काडेपेटीएवढी, आत काही फिरत नाही, करंट कमी खाते. चालली. तेव्हा तुम्हीही मशीन सोबत न्या, दुकानातच लावून बघा, आणि लिनक्स-विंडोज दोन्हीकडे उघडेल असं फॉरमॅट तिथेच मागा. फाइली मी समोर उभं राहून उतरवून घेतल्या. मोजल्या. एकेचाळीस. मग बांगड्याची थाळी जेवले, सोलकढी दोनदा घेतली, उन्हातान्हात घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क पाटावर ठेवली, पुढे नारळ. गाऱ्हाणं घालणार कोण?  मग डिस्क लावली.

बेचाळीस.

शेवटची उघडली. ह्यांचा आवाज. तोच खाकरा, तीच घाई.

"बा देवा म्हाराजा, रत्नागिरीसून हा नवा डबा आणलाय, तो सांभाळ."

मग थांबले. बाकीच्या फाइलीत इथे माझा आवाज येतो. ह्यात नाही. मागे नुसता आमच्या माडांचा आवाज. ते थांबलेत, वाट बघतायत.

"आणि छत्री आरवलीला विसरून आलीय, तिचं डोकं उन्हापासून सांभाळ."

परत थांबले. माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" कधी निघालं, कळलं नाही. तेव्हाच फाइल संपली.

तेव्हापासून डिस्क तांदळाच्या डब्यात जपून ठेवलीय. प्रवासातलं दुसरं काही आठवत नाही म्हटलं तरी चालेल.

भावजी, तुम्ही मुंबईत बसून ह्या कॉम्प्युटरात शिरता, मला ठाऊक आहे. दादाचा आवाज तुमच्याकडे मागे ऐकायला पाठवला होता, त्या आवाजात आता मशीनकडून हवं ते वदवून घेता येतं म्हणे. तसं केलं असेल तर सांगा, शिव्या घालेन आणि विसरेन. पण छत्रीचं मी आज इथे पहिल्यांदा लिहितेय. तुम्हाला गुरुवारी सकाळी कोणी सांगितलं?

सोमवारी नवी छत्री आणायची आहे. तिच्यापुढे नारळ ठेवायचा की नाही, ते तुमच्या उत्तरावर आहे. ती फाइल तुम्ही केलीत का, हो की नाही, एवढंच रविवारी दुपारी बाराच्या आत कळवा.