पिवळं कुठून सुरू होतं

बाई आधी अंगठा दाबायच्या, मग बोलायच्या. बाजारातला टमाटर असो, माझ्या दुकानातला सोफा असो, नाहीतर माझाच दंड असो. अंगठा रोवायचा, जरा थांबायचं, उचलायचा आणि त्या जागेकडे डोळे बारीक करून बघत राहायचं. त्यावर वाक्य ठरलेलं. "दाबून पाह्य, आन उजेडात पाह्य. बाकी सब झूट."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, ज्यांचा धंदा हातातून सुटत नाही. आमच्या गल्लीतला शिंपी कोणाच्याही लग्नात जेवायला बसला की समोरच्याच्या बाहीची शिवण तपासतो. तसं बाईंचं. आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रात त्यांनी नर्स म्हणून बत्तीस वर्षं काढली होती. अख्ख्या पट्ट्यातली पोरं त्यांच्या हातावर जन्मली आणि प्रत्येकाच्या नाकावर त्यांचा अंगठा पडला.

माझ्याशी त्यांची गाठ पडली ती माझ्या हळदीमुळे. गडचिरोलीत माझं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे. शूटिंग करतो, नवरा-नवरीची नावं फिरवतो, मागून रंग सोडतो. संगणकात ग्रेडियंट म्हणून एक प्रकार असतो. या टोकाला एक रंग द्या, त्या टोकाला दुसरा द्या, मधले सगळे रंग तो आपला आपण मिसळून देतो. मी केशरीपासून लिंबापर्यंतचं एक ग्रेडियंट बनवून ठेवलं होतं, नाव 'हळद नंबर तीन'. चामोर्शीपासून आरमोरीपर्यंत ज्या पोरींना हळद लागली, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या नंबर तीनमध्ये न्हाल्या असतील. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

एका संस्थेनं मला तीन मिनिटांची क्लिप करायला सांगितली. विषय, नव्या बाळाची कावीळ. गावोगावच्या आशाताईंच्या मोबाइलवर ती जाणार होती, म्हणजे बाळंतिणीच्या घरी पहिलं पाऊल ज्यांचं पडतं त्यांच्यासाठी. क्लिप तपासायला सुटीच्या दिवशी एसटीनं बाई येणार होत्या. मी इंटरनेटवरून एक गुबगुबीत गुलाबी बाळ घेतलं, त्यावर हळद नंबर तीन सोडली आणि निवांत बसलो.

बाईंनी क्लिप पाहिली. मग विचारलं, "हे कोनाचं लेकरू व्हय?"

"इंटरनेटवरचं, बाई."

"तं त्याले तिथीच राहू दे. आमच्याकडे असं गुलाबी लेकरू झालं तं सासू पह्यले सुनेले इचारन, हे कोनाचं?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. "आन हे पिवळं काय हाय? याले तं हळद लागून राह्यली. बाया पाह्यतीन आन म्हनतीन, किती गोड! दवाखान्यात कोन नेईन?"

मग त्यांनी समजावलं. खेड्यात बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, कोपऱ्यात निखारे, वर पिवळा बल्ब. त्यात बाळाला हळद-तेल चोळलेलं. पिवळ्या बल्बाखाली हळदीचं बाळ, त्यात कावीळ कोणाला दिसणार? म्हणून बाळाला दारात आणायचं, पुसायचं, अंगठ्यानं कातडी दाबायची आणि सोडली की आतून काय रंग येतो ते बघायचं. बोलता बोलता त्यांनी माझ्या मॉनिटरवरच्या बाळाच्या नाकावर अंगठा रोवला. पडद्यावर इंद्रधनुष्याचा डाग पसरला.

"बाई! स्क्रीन फुटन ना!"

"फुटू दे. याले दाबलं तं सातही रंग दिसते. असं लेकरू मी जन्मात नाई पाह्यलं."

तेव्हा मला थोडा राग आला होता. चांगलं झालेलं काम मोडायला कोणाला आवडतं? पण माणूस कामाचं होतं आणि मला उत्सुकता फार. मी म्हटलं, "तं कातडीचा रंग कोणाचा घेऊ?" बाईंनी बाही वर सरकवली. "माहा घे." आम्ही व्हरांड्यात गेलो, उजेडात त्यांच्या हाताचा फोटो काढला आणि त्यातला तांबूस काळा रंग उचलून मी नवीन बाळ बनवलं. अजूनही ते बाळ माझ्या संगणकात बाईंच्या रंगाचं आहे.

कावीळ डोक्याकडून खाली उतरते, हे मला त्या दिवशी कळलं. आधी तोंड, मग छाती, मग पोट आणि शेवटी तळहात-तळपाय. "तळव्याले पोचली तं एक घंटा वाट नाई पाहाची," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणजे हे ग्रेडियंटच झालं, वरून खाली सरकणारं. "उतार म्हन ना सरळ," त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या दुकानात ग्रेडियंटला उतार म्हणतात. नंतर आलेल्या नवरदेवांनाही मी विचारायचो, उतार कोणता लावू?

गंमत अशी झाली की सावळ्या बाळावर पिवळा उतार सोडला तर काहीच दिसेना. नुसतं थोडं मातकट झालं. मी डोक्याला हात लावला आणि बाईंनी टाळी वाजवली. "आता बरोबर! असंच राह्यते. वरून काही समजतच नाई. आता दाब त्याले."

दाबण्यासाठी मला गोल उतार करावा लागला. मधे फिका रंग, कडेला कातडीचा. अंगठा उचलला की आतलं पिवळं दिसायचं, मग कडेकडून सावळा रंग परत भरत यायचा. चार सुट्या त्यातच गेल्या. बाई वेग मोजायला माझा दंड दाबायच्या. "घाई नोको करू. रगत असं धावत नाई, हळूहळू येते. पुन्हा आन हात." माझ्या बायकोनं दंडावरचे डाग पाहून विचारलं होतं, कोणाशी भांडून आलात?

मोबाइलवर पाठवलं की मऊ उताराचे पट्टे पडायचे, खराब चुना मारलेल्या भिंतीवर पडतात तसे. मी त्यात बारीक रवा मिसळला, म्हणजे रंगात दिसेल न दिसेल अशी खरखर. पट्टे गेले. बाई बघत राहिल्या. "भल्लं डोकं हाय तुह्यं. लग्नात वाया जाऊन राह्यलं." इतकं कौतुक माझ्या सासऱ्यानंसुद्धा कधी केलं नाही.

सगळं जमलं, पण एका ठिकाणी गाडी अडली. बाई म्हणायच्या, "पिवळं वाढव." मी वाढवायचो. "अजून वाढव." मी अजून वाढवायचो. मग त्या हळूच विचारायच्या, "तुले किती दिसते?" मला वाटायचं, बाई माझी परीक्षा घेतायत. अशाच एका सुटीला माझी बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "अगा बाई, हे लेकरू हाय का पिकला बैगनफल्ली आंबा?"

मी हसायला तोंड उघडलं आणि बाईंकडे पाहून मिटलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

मला राहवलं नाही. एक लांब पट्टी केली, डावीकडे पांढरा, उजवीकडे गडद पिवळा, मधे सरळ उतार. बायकोला म्हटलं, "पिवळं कुठून सुरू होते, बोट ठेव." तिनं ठेवलं. मीही तिथंच ठेवलं असतं. मग मी म्हटलं, "बाई, तुम्ही?"

बाईंनी चष्मा पुसला. पट्टीवरून अंगठा सरकवत नेला, सरकवत नेला आणि पार उजवीकडे दाबला. माझ्या बायकोचं बोट अजून तिथंच होतं. दोघींच्या मधे वीतभर जागा होती. तेवढ्या जागेत बाईंना पिवळं दिसतच नव्हतं.

बायको चहाचे कप तसेच ठेवून आत गेली.

"मागच्या वर्षीची गोठ हाय," बाई म्हणाल्या. "आमची आशा आली धावत. म्हने, बाई, नाक दाबलं तं पिवळं दिसते. मी गेली. दारात आनलं लेकरू, दाबून पाह्यलं, उजेडातच पाह्यलं, बाबू. मले नाई दिसलं. मी म्हनलं, तुले काय समजते? चूप राह्यली ते पोट्टी. बत्तीस वर्साच्या नोकरीवाल्या बाईसमोर ते काय बोलन?" त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "दोन दिवसानं दवाखान्यात नेलं. जगलं. पन कावीळ डोक्यात चढली, कानं गेले. आयकू येत नाई त्याले. मी मांगून थाली वाजवून पाह्यली. वळत नाई."

"डोळे तपासले नाई, बाई?"

"तपासाले गेली असती तं समजलं असतं ना," त्या म्हणाल्या. हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. आपल्यातला कोण असा आहे, जो कळण्याच्या भीतीनं कधी थांबला नाही?

मी पट्टीवर त्यांच्या अंगठ्याच्या जागी एक काळी रेघ मारून ठेवली. का मारली, सांगता येणार नाही. काम करणाऱ्याची सवय, खूण करून ठेवायची. त्यानंतर पिवळं किती ठेवायचं ते माझ्या डोळ्यांनी ठरलं आणि बाकी सगळं बाईंच्या अंगठ्यानं.

जाण्याआधी बाईंनी क्लिपच्या शेवटी एक ओळ घालायला लावली. 'तुम्हाला पिवळं दिसलं, तर नर्सबाई नाही म्हणाली तरी बाळाला दवाखान्यात न्या.' ती ओळ बोलायला त्यांनी त्याच आशाला माझ्या दुकानात आणलं. तिनं मराठीत म्हटली, गोंडीत म्हटली. मराठीत म्हणताना ती दोनदा अडखळली, बाईंकडे बघून. बाई म्हणाल्या, "माह्याकडे नोको पाहू. माइककडे पाहून बोल."

संस्थेच्या साहेबांचा फोन आला. ओळ काढा म्हणाले, नर्स लोक नाराज होतील. फोन स्पीकरवर होता. मी 'हो सर' म्हणणार तेवढ्यात बाईंनी फोन ओढून घेतला.

"साहेब, ते नर्स मीच हाय. माह्याच हातानं झालं हाय ते. मी नाराज नाई. बाकीच्याईले माहं नाव सांगा."

बाईंच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. इतकी वर्षं लोकांनी ज्या नावाच्या शपथा घेतल्या, ते नाव त्यांनी एका फोनवर खाली ठेवलं. ओळ राहिली.

निवृत्तीनंतर त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळंच पिवळसर दिसतं, त्यात खरं पिवळं वेगळं कळत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. चंद्रपूरला मुलीकडे राहायला जाणार होत्या. जाण्याआधी दुकानात आल्या, काळा चष्मा लावून. दारातूनच 'जय भीम' घातला, चष्मा काढला आणि चौफेर बघून म्हणाल्या, "अबे, तुह्या भिंती पांढऱ्या हायेत? मी समजत होती, क्रीम कलर हाय!" बायको खूप हसली. मग बाई तिच्या साडीचा निळा बघत बसल्या, आकाश बघितलं, माझे दात बघितले आणि तंबाखू सोड म्हणाल्या. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, गोड झालं.

क्लिप लावू का, मी विचारलं.

"ते नोको. ते पट्टी लाव."

मी पट्टी काढली. पांढऱ्याकडून पिवळ्याकडे जाणारा उतार आणि त्यावर माझी काळी रेघ. बाई पुढं झुकल्या. डावीकडून अंगठा सरकवला आणि थोड्याच अंतरावर थांबवला. बायकोनं बोट ठेवलं होतं, अगदी तिथं. मी म्हटलं, "आता बरोबर, बाई!"

त्यांनी अंगठा उचलला नाही. तो तसाच ठेवून हाताची बोटं पसरली आणि करंगळी ताणत ताणत माझ्या काळ्या रेघेपर्यंत नेली. पुरी वीत भरली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पिवळंच पिवळं होतं आणि ते आता त्यांना दिसत होतं.

"इतकं पिवळं होतं ते लेकरू," बाई म्हणाल्या.

बाईंनी हात मागे घेतला, पदरानं डोळे नाही, माझी स्क्रीन पुसली आणि एसटी चुकेल म्हणून उठल्या. दाराशी बायकोनं पाणी दिलं तेही उभ्यानंच प्यायल्या.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. मुलीकडे आहेत आणि महिन्यातून एकदा त्या गावात, त्या पोराकडे जातात, असं आशा सांगते. पट्टीची फाइल मी पुसलेली नाही. हळद नंबर तीन मात्र आता कोणाला लावत नाही. लोक विचारतात, तर दुसरा उतार दाखवतो.