न बांधलेल्या घरातली भाजी

आप्पांचा फोन मला आजवर कधीच आला नव्हता. त्यामुळे मधल्या सुट्टीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, मोबाइलवर तो आवाज ऐकला तेव्हा कुणाचा आहे हे कळायलाच वेळ लागला. "वैशाली न्हवं?" ते म्हणाले. मागं बायकांचा गलका तेवढा ऐकू येत होता... "तुझी आक्का गेली. सकाळी उठवाय गेलतो, तर..." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मिळाली त्या बसनं बेळगावजवळच्या मच्छेच्या पुढं असलेल्या त्यांच्या गावात उतरले. अंगणात बायका बसल्या होत्या. मीही एका कडेला बसले. नंदगडकडून आलेल्या एका पाहुणीनं हळूच विचारलं, "ही कोण म्हणायची?" शेजारीण क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आक्काच्या भाजीच्या जागेत येत्यात त्या बाई." तिनं सांगितलं ते खरंच होतं. माझं आणि शांताक्कांचं जे नातं होतं त्याला दुसरं नाव नव्हतं. मी त्यांची सून होणार होते, आणि झाले नाही.

परशराम त्यांचा आणि आप्पांचा एकुलता मुलगा. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करायचा. आमचा साखरपुडा झाला तेव्हा मी नुकतीच बी.एड. झाले होते. गावाबाहेर, रस्त्याला लागून त्यांची वडिलोपार्जित थोडी जागा होती, तिथं त्यानं आणि आप्पांनी मिळून नव्या घराचं जोतं घातलं होतं. लग्न नव्या घरात, असं ठरलं होतं. एका रविवारी आमच्याकडची माणसं जागा बघायला गेली, तेव्हा मोठी माणसं विहिरीजवळ बोलत असताना त्यानं मला त्या जोत्यावर फिरवलं. भिंती नव्हत्याच. दगडी चौकटी, आणि त्यांत भरलेला लाल मुरूम. "हा पुढचा सोपा. इथं आप्पा बसणार. हे देवघर. हे स्वयंपाकघर... हितं खिडकी ठेवणार, पूर्वेला. आईला चुलीम्होरं उजेड पाहिजे, जुन्या घरात न्हाय." मग एका चौकटीपाशी थांबला आणि ही कुठली खोली ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोघंही हसलो तेवढं.

त्यानंतर महिनाभरही गेला नाही. मुरूम बसावा म्हणून तो रोज शिफ्ट सुटली की येऊन विहिरीवरची मोटर चालू करायचा आणि पाईपनं पाणी सोडायचा. त्या संध्याकाळी मोटरीतला करंट पाईपातल्या पाण्यात उतरला होता. शांताक्का त्याला चहा घेऊन गेल्या तेव्हा तो जोत्याच्या कोपऱ्यात पडलेला होता, आणि पाणी वाहतच होतं.

मला बोलावलं गेलं नाही, आणि आमच्या घरच्यांनी पाठवलंही नाही. साडी, अंगठी, सगळं मध्यस्थाकरवी परत गेलं. लोक काय म्हणत होते ते माझ्या कानांवर येत होतं. मुलगी पसंत केली आणि घरातला दिवा गेला, असं. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, बेळगावात संसार सुरू झाला, मुलगी झाली. नोकरी मात्र खानापूर रस्त्यावरच्या हायस्कूलमध्ये लागली, म्हणजे रोज जाता-येता बस त्याच जागेवरून जाणार. पहिली काही वर्षं मी बसमध्ये मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसायचे. पुढं बघायला लागले, तर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घाणेरी डोक्याच्या वर गेली होती, गाजरगवत रस्त्यापर्यंत आलं होतं, आणि आत जोतं आहे हे माहीत असलेल्यालाच माहीत. कुणी तिथं गुरंसुद्धा सोडत नव्हतं. अंधार पडला की त्या बाजूनं पाण्याचा आवाज येतो, असं गावात म्हणायचे. हे मला शाळेतल्या मुलींनी सांगितलं, त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं म्हणून... त्यानंतर कितीतरी दिवस मला घरात नळ सुरू राहिल्याचा भास व्हायचा. उठून बघून यायचे.

आणि मग एका सकाळी बसमधून दिसलं की ते रान हलतंय. वारा नव्हता. घाणेरीचा एक फांदोरा आडवा झाला आणि त्यामागं डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, हातात कोयता घेतलेली एक बाई दिसली. मी बस थांबवायला सांगितली. "बाई, इल्ली याक?" इथं कशाला उतरताय, असं कंडक्टर कानडीत विचारत होता. मी उतरले. इतक्या वर्षांनी काय बोलायचं ते काही ठरवलेलं नव्हतं. शांताक्कांनी वळून बघितलं. ओळखलं की नाही ते कळेना. मग म्हणाल्या, "लोकं बाटल्या टाकाय लागली हितं. माझ्या पोराच्या घरात." आणि पुन्हा वाकून तोडायला लागल्या. मी पर्स दगडी गडग्यावर ठेवली आणि तोडलेल्या फांद्या ओढून बाजूला टाकायला लागले. त्या दिवशी शाळेत मी पहिल्यांदाच उशिरा पोचले, हातांवर ओरखडे घेऊन.

मग जमेल तसं, शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी उतरायला लागले. आम्ही फारसं बोलत नव्हतो. त्यांनी तोडायचं, मी ओढायचं. घाणेरी निघाली, गाजरगवत उपटून झालं, हरळी मात्र दगडांच्या सांध्यांत शिरलेली, ती निघता निघेना. हळूहळू एकेक चौकट उघडी पडायला लागली. एक कोपरा तेवढा त्या टाळत होत्या, आणि मीही तिकडं जात नव्हते. शेवटी तो एकच झुडपांचा गठ्ठा उरला. त्या शनिवारी शांताक्का कोयता बाजूला ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तू हितं ऱ्हा. कुठं जाऊ नकोस." आणि त्यांनी हातानंच ओढायला सुरुवात केली. मुळांबरोबर काहीतरी हिरवट वर आलं. आधी मला ते साप वाटलं. तो पाईप होता. उन्हापावसानं कडक झालेला, मुळांनी जागोजाग धरून ठेवलेला. त्या ओढत राहिल्या आणि तो उसवत गेला, स्वयंपाकघरातून, देवघरातून, सोप्यातून, अख्ख्या घराच्या मातीखालून, थेट विहिरीच्या तोंडापर्यंत. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. पाईप त्यांनी स्वतः गुंडाळला, आणि गावात भंगारवाला आला तेव्हा देऊन टाकला. आप्पांनी मागाहून मला सांगितलं की त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

भाजी लावायचं आधीपासून काही मनात नव्हतं. जागा मोकळी झाल्यावर त्यांना ते उघडं जोतं बघवेना, एवढंच. "मोकळं ठेवलं तर परत रान येणार," त्या म्हणाल्या आणि मेथी टाकली. मुरुमात मेथी कसली येते? दोन पानांवर येऊन पिवळी पडली. मग त्यांनी एकेक चौकट हातभर उकरली. मुरूम बाहेर, आणि शेतातली काळी माती आत. बुट्टीनं, डोक्यावरून. सोबत गोठ्यातलं शेणखत. मी सुट्टीच्या दिवशी जायचे, पण मी भरलेल्या बुट्ट्या त्यांच्या मानानं कितीशा? सगळा एक उन्हाळा त्यांनी त्यात घातला. पाणी विहिरीतून शेंदून, कळशीनं. पुढं गावात नळ आला, तो जागेजवळून गेला, शेजाऱ्यांनी पाईप जोडून देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "ह्या जागेत पाईप न्हाय." विषय तिथंच संपला.

आणि भाजी आली. पावसाळ्यात दोडका दगडांवरून चढून रस्त्याकडं बघायला लागला. हिवाळ्यात नवलकोल, वांगी, मिरची. खाली उतारावर रताळ्याचे वेल. कुठं काय लावायचं ते विचारताना त्यांच्या लक्षात आलं की खोल्यांची वाटणी मला त्यांच्यापेक्षा नीट ठाऊक आहे. परशरामनं त्यांना अचंबा वाटावा म्हणून कुठं काय होणार ते कधी सांगितलंच नव्हतं. मी एकेक चौकट दाखवत गेले. इथं देवघर. इथं स्वयंपाकघर... खिडकी पूर्वेला ठेवणार होता तो, तुमच्यासाठी. चुलीपुढं उजेड यावा म्हणून. शांताक्का त्या जागी बसल्या. पूर्वेला तोंड करून बराच वेळ बसल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "असं बोलला व्हय त्यो?" तेव्हापासून वाफ्यांना खोल्यांचीच नावं पडली. देवघरातली कोथिंबीर, स्वयंपाकघरातली मिरची. गल्लीतल्या बायकाही तसंच मागायला लागल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटेना. सोप्यात माठ आणि लाल मुळा. आप्पा मात्र कधी तिकडं फिरकले नाहीत. शेताला जाताना ते लांबच्या वाटेनं जात. भाजी ताटात आली की खात, कुठली ते विचारत नसत.

एक चौकट शांताक्कांनी रिकामी ठेवली होती. माती भरलेली, खत घातलेली, पण रिकामी. एका शनिवारी मला म्हणाल्या, "हितं काय लावू?" ती कुठली खोली ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण त्यांना कळलं होतं. मग मी म्हणाले, "पावटा." त्या दिवाळीनंतर पहिला पावटा त्यांनी मला घरी न्यायला दिला, ओटीत घालून, सुनेला देतात तसा. मी आमटी केली. माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक आहे, माझं तिथं जाणं त्यांनी कधी अडवलं नाही, पण त्याबद्दल ते बोलतही नसत. जेवताना म्हणाले, "चव वेगळी आहे." मी सांगितलं कुठल्या खोलीतला आहे ते. त्यांचा हात थांबला. मुलगी आमच्या दोघांकडं बघायला लागली. मग त्यांनी ताट पुढं केलं, आणखी वाढ म्हणून.

मला एक गोष्ट विचारायची होती. इतकी वर्षं ती मनात ठेवून मी त्या जागेत खाली वाकून तण काढत होते. एकदा दोघी शेंगा तोडत असताना विचारलंच. "आक्का, लोक म्हणत होते माझ्यामुळं झालं... तुम्हालाही तसं वाटलं होतं का?" त्यांनी तोडायचं थांबवलं नाही. "वाटलंतं," त्या म्हणाल्या. "एकदा बोललेबी. घरात कोण नव्हतं तवा, भिंतीला." थोड्या वेळानं, तोडलेल्या शेंगा माझ्या पिशवीत ओतताना म्हणाल्या, "आता न्हाय वाटत. लई वर्सं झाली न्हाय वाटून. तू आलीस त्याच्याबी आधी." मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि पुढच्या वेलाकडं गेल्या. "काहीतरीच काय" असं म्हणून त्यांना मला समजावता आलं असतं. त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणूनच पुढचं मला खरं मानता आलं.

त्या गेल्याला आता दीड महिना झाला. दिवसकार्य आटोपल्यावर मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा पाय आत पडेना. सगळं तसंच होतं. वांग्यांना पाणी नव्हतं, पानं खाली वळली होती, मिरच्या झाडावरच लाल झाल्या होत्या. दगडावर त्यांचं खुरपं, दांड्याला माती वाळलेली. मी पाणी शेंदायला लागले. कळशी ओतताना दर वेळी वाटायचं की पलीकडच्या खोलीत कुणीतरी वाकलंय. एकच जण नव्हे. वळून बघितलं नाही मी. भीती वाटत होती असं नाही, बघितलं तर ती दोघं जातील असं वाटत होतं... शनिवारमागून शनिवार तसंच चाललं. पावटा फुलावर आला. तो मीच लावला होता, त्यांच्या देखत, यंदा.

गेल्या शनिवारी मी वेल सारखे करत बसले होते. वेल एवढे दाट झालेत की बसलं की रस्ता दिसत नाही. रस्त्यावर पावलं वाजली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग कुणीतरी खाकरलं. आप्पा होते. ते रस्त्याच्या कडेला, जिथं दार होणार होतं त्याच्या समोर, वहाणा काढून हातात धरून उभे होते, आणि आतल्या कुणाला हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

"हाय का कोण घरात?"

माझ्या हातात वेल तसाच राहिला. आतून उत्तर यायला पाहिजे होतं, आणि आत मी होते.

"हाय आप्पा," मी म्हणाले. "या, आत या."