लाल फुलीचा फोटो

जिंतूर रस्त्यावरच्या एका कापसाच्या जिनिंग मिलसाठी मी कामगारांच्या सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स तयार केला. मशीनजवळ पदर मोकळा सोडू नये, हे दाखवायला फोटो हवा होता. तिथल्या एक बाई पदर कायम घट्ट खोचून काम करत. मशीन बंद असताना मीच त्यांना तो सोडायला सांगितला. मॅनेजरना मात्र फोटो चालू कामातला आहे असं सांगितलं.

'असं करू नका' म्हणून त्या फोटोवर लाल फुली मारली आणि कोर्स सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. पुढच्या भेटीत बाकीच्या बायका फोटोतल्या बाईंना चिडवत होत्या, "ओ लाल फुली, पदर सावरा!"

त्या बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुमीच सोडायला लावला व्हता. सांगा की ह्यांना."

मॅनेजर शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "फोटो बदलून टाकतो."

त्याच दिवशी बदलला. बाकी काही बोललो नाही.