शेखचा चांगला पाय

लिहिणारा मी कोण? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तीही फौज सुटल्यावर, इथे लोणी काळभोरला. वाक्यं चुकतील, सांभाळून घ्यावं. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उंच डोंगरात पेट्रोलिंगवर असताना बर्फाचा कडा कोसळला. त्यात आमचे हवालदार गावडे उस्ताद गेले. माझा हात मोडला. नायक सलीम शेख, राहणार येरवडा, यांच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशननंतर आम्ही दोघे पुण्यातल्या लष्करी रुग्णालयात एकाच वॉर्डात होतो.

आमच्या पलटणीची रीत अशी, की जवान जिथे पडला तिथे त्याच्या सेक्शनने, म्हणजे तुकडीने, दर वर्षी चढून जायचं. शेखला जायचंच होतं. त्यासाठी मेडिकल बोर्डाने फिट म्हणायला हवं होतं.

सकाळी चहा, मग रिहॅब हॉल. फिजिओथेरपिस्ट मॅडम सदाशिव पेठेतल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. गरजच पडायची नाही.

चाचणी साधी होती. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं. आधी चांगला पाय, मग दुखरा. दुखरा चांगल्याच्या जवळपास पोचला तर पास. अंतर मोजायच्या टेपचं टोक मी धरलं होतं.

शेखने उजव्या पायाने उडी मारली. मॅडमनी टेपकडे पाहिलं.

"शेख, आमच्या शाळेतल्या मुली लंगडीत याहून लांब जायच्या. हा पाय चांगला ना?"

"येस मॅडम."

"मग डाव्याची सोबत करतोय का?"

हॉल हसला. दोन पायांतला फरक कमी दिसावा म्हणून गडी चांगलाच पाय आखडता घेत होता.

"मला फसवाल हो. पण वर दोरीला तुमच्यामागे माणूस बांधलेला असेल. त्याला काय सांगणार?"

शेख अटेन्शनमध्ये उभा. मग म्हणाला, "पुन्हा मारतो, मॅडम. खरी."

उजवा लांब गेला. डावा अर्ध्यावर उतरला आणि गुडघा आत वळला.

"नापास. उद्यापासून पायऱ्या उतरायच्या. हळू."

रोज तो उतरायचा आणि मी खालून ओरडायचो, "गुडघा बाहेर!" तो म्हणायचा, "बाहेर, साहेब!" माझ्यासारखा शिपाई वरच्या हुद्द्याच्या नायकाला ऑर्डर देतोय, याचीच वॉर्डाला करमणूक.

पुढच्या चाचणीला त्याने उजव्याला पूर्ण मोकळं सोडलं. मग डावा. उतरला, झुलला, टिकला. गुडघा सरळ. मॅडमनी वाकून पाहिलं.

"बरं आहे."

"फक्त बरं, मॅडम?"

"पुण्यात याहून जास्त म्हणत नाहीत."

हॉलमध्ये एवढा गलका झाला, की सिस्टर धावत आल्या.

बोर्डाचा निकाल लागण्याआधीच माझी फौज सुटली. हात पूर्ण सरळ होत नव्हता. नंतर शेखचा फोन लागेना. फिट की अनफिट, काही कळेना.

काल कॉलेजमधून निघताना त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे वारा घोंघावत होता.

"अरे, फिट झालो. सेक्शनबरोबर चढलो आणि आपल्या पायांनी उतरलोही. उस्तादांना सलामी दिली, एक तुझ्या वाटची. त्यांच्यासमोर चहाचा मग ठेवला. साखर त्यांना लागायची तेवढी, म्हणजे फार."