फुगलेली बॅटरी

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडला आणि आतली फुगलेली बॅटरी माझ्यासमोर धरली.

"दिवसभर चार्जरलाच लावून ठेवता ना? तेही गादीवर? ऐंशी टक्के झालं की चार्जर काढायचा. वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही."

मी निमूट मान हलवली आणि मग माझाच मला भयंकर संताप आला. माझी बायको सुमन दोन वर्षं हेच सांगत होती. "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणून मी दर वेळी तिला गप्प केलं होतं. परका बोलला की सल्ला आणि बायको बोलली की कटकट! असं काय काय सांगायचं तिनं सोडून दिलं असेल?

घरी येऊन म्हणालो, "तुझंच बरोबर होतं. तोही हेच म्हणाला."

तिनं वळूनही पाहिलं नाही. "मग यापुढचंही त्यालाच विचार."